ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार आणि गोळीची कामगिरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठासणीची बंदूक कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना नवी नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी किंवा छर्रे सोडायचे आणि गजाने ठासून बार भरायचा, अशी ती बंदूक. आमच्या गावाकडे शेतात येणारी डुकरे आणि माकडे हाकण्यासाठी ती घरोघरच्या माळ्यावर असे. अमेरिकेत मात्र याच बंदुकीने हरणाची शिकार करण्यासाठी अनेक राज्यांत स्वतंत्र हंगाम ठेवलेला असतो. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि गेले काही हिवाळे चकमकीच्या, म्हणजे गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणाऱ्या ठासणीच्या बंदुकीने रानात जातो. येथे नव्याने परवाना काढणारे मराठी स्नेही जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे मी येथे एकत्र लिहून ठेवत आहे.

हे सर्व भारतात करता येते का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये चितळ, सांबर, भेकर यांपैकी कोणत्याही हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि शेतीसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. खालील मजकूर केवळ अमेरिकेतील, परवाना व हंगाम यांच्या चौकटीत होणाऱ्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला लागू आहे.

ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळा हंगाम कशासाठी?

एक बार काढल्यावर दुसरा भरायला सरावलेल्या माणसालाही अर्धे-पाऊण मिनिट लागते, आणि पल्लाही थोडा. त्यामुळे शिकारी अधिक आले तरी हरणांवरचा ताण मर्यादित राहतो, हा हिशेब या हंगामामागे आहे. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीचा खास हंगाम आहे आणि नाताळनंतरच्या थंडीत आजही केवळ चकमकीचीच बंदूक चालते. १९८५ साली मिझुरीतील टोनी नाइट यांनी ‘एमके-८५’ ही बंदूक आणली. तिच्यात ठिणगी नळीच्या थेट मागून, सरळ रेषेत दारूपर्यंत जाते. ती आल्यापासून या हंगामाचे स्वरूप पुष्कळ बदलले. काही राज्ये दुर्बीण लावलेली आधुनिक ठासणीची बंदूक मान्य करतात. कोलोरॅडोसारखी राज्ये मात्र या हंगामात प्लॅस्टिकच्या खोळीतली गोळी आणि वडीच्या रूपातली दारू या दोन्हींना मनाई करतात. म्हणून गोळी विकत घेण्याआधी आपल्या राज्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचावी.

दारू कोणती आणि किती घालावी?

काळी दारू म्हणजे साधारणपणे सोरा ७५ टक्के, कोळसा १५ टक्के आणि गंधक १० टक्के यांचे मिश्रण. दाण्याच्या जाडीप्रमाणे तिच्या प्रती ‘एफ’ या अक्षराने ओळखतात. मोठ्या नळीसाठी दोन एफची, लहान नळीसाठी तीन एफची आणि रंजकाच्या वाटीत, म्हणजे नळीबाहेर ठिणगी पडते त्या वाटीत टाकण्यासाठी चार एफची भुकटीसारखी बारीक दारू वापरली जाते. ०.५० कॅलिबरच्या, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीच्या बंदुकीत हरणासाठी ७० ते ९० ग्रेन (साडेचार ते सहा ग्रॅम) दारू पुष्कळ होते. त्यापुढे दारू वाढवली की धूर आणि धक्का वाढतो, नेम बिघडतो, पण गोळीच्या कामात त्या मानाने भर पडत नाही. नेमकी मात्रा ठरवताना बंदूक बनवणाऱ्याने छापलेली मर्यादा हीच अंतिम समजावी. काळ्या दारूऐवजी मिळणाऱ्या पर्यायी दारू वजनाने नव्हे तर मापाने, म्हणजे आकारमानाने मोजायच्या असतात, हे विसरू नये.

एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावून सांगतो. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालू नये. तिचा दाब अनेक पट असतो, नळी फुटते, आणि भरणाऱ्याचा हात किंवा डोळा जातो.

शिशाची साधी गोल गोळी हरणाला पुरते का?

पुरते, पण ती जवळून मारली तरच. या विषयातल्या बहुतेक वादांचे मूळ या ‘जवळून’ शब्दात आहे, म्हणून येथे थोडे आकडे देतो.

०.५० कॅलिबरच्या नळीत ०.४९० इंच व्यासाची गोळी चिंधीत गुंडाळून बसवतात. तिचे वजन सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम भरते. नळीतून ती सेकंदाला सुमारे १,८०० फूट वेगाने सुटते. गोल आकार हवेला कापण्यासाठी फार वाईट, त्यामुळे १०० यार्डांवर पोहोचेपर्यंत तिचा वेग १,१०० फुटांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे तोपर्यंत तिच्यात सुरुवातीच्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. कागदावरचा हा आकडा पाहून आधुनिक रायफलवाले नाक मुरडतात, आणि तसे पाहता तो आहेही लहान.

पण हरीण ऊर्जेच्या आकड्याने पडत नाही. दोन्ही फुप्फुसांतून मोठे छिद्र गेले, रक्त वाहून गेले आणि मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की ते पडते. गोल गोळी मुळातच अर्धा इंच रुंद असते. आजच्या लोकप्रिय हरणाच्या रायफलींची गोळी फुलल्यानंतर जेवढी होते, जवळपास तेवढी ही फुलण्याआधीच असते. शुद्ध शिसे इतके मऊ असते की नखाने ओरखडा उठतो, त्यामुळे कमी वेगातही ही गोळी चपटी होते.

माझ्या पहिल्या हरणाचे कातडे काढताना पलीकडच्या बाजूला, कातडीच्या लगेच आत, बोटांना एक कठीण गाठ लागली. चिरून पाहिले तर गोळी होती. एका बाजूने ती अळंबीच्या टोपीसारखी पसरली होती, मागची बाजू अजून गोल होती, आणि त्या गोल पाठीवर चिंधीच्या विणीचा ठसा स्पष्ट उमटलेला होता. अंतर चाळीस पावलांचे होते. गोळी दोन बरगड्यांमधून आत शिरली, दोन्ही फुप्फुसे ओलांडून पलीकडची बरगडी मोडली आणि लवचिक कातडीने तिला अडवले. हरीण साठेक पावले धावून पडले होते. ०.५० च्या गोल गोळीचे काम कसे चालते हे समजून घ्यायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

गोळी टायर-संतुलनाच्या जुन्या वजनांच्या शिशापासून ओतली असेल, तर मात्र हे चित्र बदलते. त्या शिशात अँटिमनी असल्यामुळे गोळी कठीण होते, चपटी होत नाही आणि बारीकसे भोक पाडून निघून जाते. गोल गोळीसाठी शुद्ध, मऊ शिसेच घ्यावे.

मग ०.४५ घ्यावी, ०.५० की ०.५४?

गोलाचे वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. ०.४५ च्या नळीतली ०.४४० इंचाची गोळी सुमारे १२८ ग्रेनची, तर ०.५४ च्या नळीतली ०.५३० इंचाची गोळी सुमारे २२४ ग्रेनची असते. म्हणजे व्यास वीस टक्के वाढला तर वजन पाऊणपट वाढते. गोल गोळीला वजन देण्याचा दुसरा मार्गच नाही, आणि म्हणूनच एकोणिसाव्या शतकात सेंट लुइसच्या हॉकन बंधूंनी पश्चिमेकडच्या मोठ्या जनावरांसाठी ०.५० आणि त्याहून मोठ्या नळ्यांच्या बंदुका घडवल्या. हरणासाठी ०.४५ अनेक ठिकाणी कायद्याने चालते; तरीही नवख्याला मी ती सुचवत नाही. तिच्यात चुकीला जागा फार कमी असते. ०.५० हा रास्त मध्य आहे. रानात दाट झुडपे असतील आणि अंतर कमीच राहणार असेल, तर मी ०.५४ पसंत करेन.

लांबट गोळीने काय साधते?

वजन आणि आवेग टिकवणे. ०.५० च्याच नळीतून ३५० ते ४०० ग्रेनची शिशाची लांबट गोळी मारता येते. ती सुटते सावकाश, सेकंदाला सुमारे १,४०० फुटांनी, पण १०० यार्डांवर तिच्यात निम्म्याहून अधिक ऊर्जा शिल्लक असते, आणि तिरपे उभ्या असलेल्या हरणातूनही ती बहुधा आरपार जाते. दोन छिद्रे पडली की रक्ताचा माग सोपा होतो. या गोळीचा दोष असा की ती बरगड्यांमधून जाताना फारशी फुलत नाही, तिला थांबवणारे काही भेटतच नाही. त्यामुळे हरीण उत्तम जागी लागूनही शंभर पावले धावते आणि शिकाऱ्याला वाटते की नेम चुकला.

भारतीय वाचकाला या गोळीचा इतिहास परका नाही. फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोळीचा तळ पोकळ असे. ती नळीत सैल उतरे आणि बार उडताच तळ फुगून नळीच्या आट्यांना, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पीळदार खाचांना, घट्ट बसे. याच पद्धतीची गोळी १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड बंदुकीत वापरली जात होती. ती बंदूकही ठासणीचीच होती, आणि तिच्या कागदी काडतुसाला लावलेल्या चरबीवरून १८५७ साली जे पेटले ते आपण शाळेत शिकलो आहोत. दारू आणि गोळी एकाच कागदी पुडीत असत, आणि दारू नळीत ओतण्यासाठी ती पुडी दातांनी फाडावी लागे, म्हणून तो प्रश्न इतका जिव्हारी लागला.

प्लॅस्टिकच्या खोळीतल्या गोळ्यांविषयी इतकी उलटसुलट मते का?

या खोळीला सॅबो म्हणतात. ०.५० च्या नळीत ०.४५ ची लांबट गोळी या खोळीत बसवून घालतात. नळीबाहेर पडताच खोळ उघडून गळून पडते आणि गोळी एकटी पुढे जाते. तिचा वेग जास्त, पल्ला लांब, नेम बारीक. मते उलटसुलट असण्याचे कारण गोळी आणि वेग यांची जोडी जुळत नाही, हे बहुतेक वेळा असते. अशा पुष्कळ गोळ्या मुळात पिस्तुलासाठी घडवलेल्या असतात. पिस्तुलाच्या वेगाला व्यवस्थित फुलणारी गोळी दुप्पट वेगाने फऱ्याच्या हाडावर आदळली तर आत शिरण्याआधीच फुटून विखुरते आणि वरवरची मोठी जखम करून हरीण लंगडत निघून जाते. उलट जाड आवरणाची, वेगवान रायफलीसाठी योग्य अशी गोळी १५० यार्डांवर मंदावली की फुलतच नाही आणि सळईसारखी आरपार जाते. दोन्ही शिकारी आपापल्या गोळीला दोष देतात. दोघांचेही अनुभव खरे असतात, गोळीही बहुधा चांगली असते, पण ती भलत्या वेगाला वापरलेली असते.

पूर्ण तांब्याच्या गोळ्या अलीकडे बऱ्याच दिसतात. त्यांचे पोकळ टोक पाकळ्यांसारखे उघडते आणि वजन जवळपास पूर्ण टिकते, त्यामुळे हाडावर त्या फार भरवशाच्या ठरतात. मात्र उघडण्यासाठी त्यांना शिशाहून अधिक वेग लागतो. पाकिटावर किमान वेग लिहिलेला असेल तर तो पाहून आपल्या बंदुकीत तो कोणत्या अंतरापर्यंत टिकतो हे आधी काढावे, आणि त्या अंतरापुढे बार काढू नये. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी वापरताच येत नाही, त्यामुळे तेथील शिकाऱ्यांना हा अभ्यास टाळता येणार नाही.

नळीच्या पिळाचा गोळीशी काय संबंध?

नळीतील आटे किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात, त्याला पीळ म्हणतात. गोल गोळीला ६० ते ७० इंचांत एक फेरा असा सावकाश पीळ मानवतो. लांबट आणि खोळीतल्या गोळ्यांना २८ इंचांत एक असा जलद पीळ लागतो. ४८ इंचांत एक ही तडजोड आहे, तीत दोन्ही चालतात. जलद पिळाच्या नळीत गोल गोळी भरपूर दारूने मारली की ती आट्यांवरून घसरते आणि पन्नास यार्डांवरही कुठल्या कुठे जाते. गोळीला नावे ठेवण्याआधी नळीवर कोरलेला पिळाचा आकडा वाचावा.

नेम का जमत नाही हे कसे ओळखावे?

गोल गोळी वापरत असाल तर उडालेली चिंधी शोधून पाहा. नळीसमोर पाच-दहा पावलांवर गवतात ती पडलेली सापडते. मधोमध काळसर वर्तुळ, कडा थोड्या उसवलेल्या आणि वीण शाबूत असेल, तर सर्व ठीक आहे. मध्यभागी जळून भोक पडले असेल, तर कापड पातळ आहे, तेल कमी आहे किंवा दारू जास्त आहे. आट्यांच्या रेषेत चिरा गेल्या असतील, तर नवी नळी धारदार आहे आणि थोड्या घासणीने ती मऊ होईल. कापड कायम घट्ट विणीचे सुती घ्यावे. नायलॉनमिश्रित कापड वितळून नळीत चिकटते.

किती अंतरावरून बार काढावा?

माझे उत्तर कडक आहे. चकमकीची बंदूक, उघडी माशी (म्हणजे दुर्बिणीविना नेम) आणि गोल गोळी असेल, तर ७५ यार्डांपुढे नाही. शिशाची लांबट गोळी आणि चांगला सराव असेल, तर १०० ते १२५. दुर्बीण आणि आधुनिक बंदूक असणाऱ्यांनी आपली मर्यादा गोळीच्या किमान वेगावरून ठरवावी, जाहिरातीवरून ठरवू नये.

हा कडकपणा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. दुसऱ्या हिवाळ्यात, सायंकाळच्या उतरत्या उजेडात, ओढ्यापलीकडे उभ्या असलेल्या मादीवर मी बार काढला. अंतर मी ऐंशी पावले धरले होते. नंतर मोजले तेव्हा ते सव्वाशेच्या जवळ निघाले. गोळी खाली आली आणि पोटाच्या कडेला लागली. दोन दिवस मी माग काढला, शेजारच्या शेतमालकाची परवानगी घेऊन त्याच्या रानातही शोधले, पण ती मिळाली नाही. त्यानंतर मी बसण्याच्या जागेभोवतीची अंतरे आधी मोजून झाडांना खुणा करतो, आणि खुणेपलीकडचे हरीण कितीही मोठे असले तरी ते जाऊ देतो.

नेम नेमका कुठे धरावा?

हरीण आडवे उभे असेल, तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जावे आणि शरीराच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या थोडे वर नेम धरावा. हृदय आणि फुप्फुसांचा हा भाग साधारण आठ इंच व्यासाचा असतो. हरीण तुमच्यापासून तिरपे दूर जात असेल, तर पलीकडच्या पुढच्या पायाचा अंदाज घेऊन गोळी आतून तिकडे निघेल असा नेम घ्यावा. समोरासमोर, तुमच्याकडे तिरपे येणारे किंवा पाठमोरे हरीण गोल गोळीने मारू नये. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यापासून बार उडेपर्यंत क्षणभर जातो, म्हणून धूर दिसेपर्यंत मान आणि बंदूक हलवू नये.

बार झाला, पण हरीण पळून गेले. आता काय करावे?

पहिला अडथळा धुराचा असतो. पांढरा धूर समोर पडद्यासारखा उभा राहतो, आणि हरीण कसे उसळले हे नेमके त्याच वेळी दिसायला हवे असते. मी लगेच खाली वाकून धुराखालून पाहतो. मागचे पाय झाडून उसळले तर गोळी बहुधा छातीत लागलेली असते. पाठीला कुबड काढून ते जड चालीने गेले तर पोटात लागल्याची शंका घ्यावी. मग जागचे न हलता पुन्हा बार भरावा, हरीण शेवटचे जिथे दिसले ती खूण मनात पक्की करावी आणि घड्याळ पाहावे.

रक्त पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. गुलाबी, फेसाळ आणि बुडबुड्यांचे रक्त फुप्फुसाचे असते. अर्धा तास थांबून माग काढला तर हरीण बहुधा दीडशे पावलांच्या आत पडलेले मिळते. गडद, तपकिरी छटेचे रक्त यकृताचे. तेथे तीन-चार तास थांबावे. रक्तात हिरवट पाणी आणि आंबूस वास असेल तर गोळी पोटात गेली आहे, आणि आठ ते बारा तास थांबणे हाच योग्य मार्ग आहे. घाई केली की झोपलेले हरीण उठते आणि मैलभर जाते. गोल गोळी अनेकदा पलीकडच्या कातडीत अडकत असल्यामुळे बाहेर पडणारे छिद्र नसते, छातीत रक्त आतच साठते आणि जमिनीवर पहिली तीस-चाळीस पावले थेंबही पडत नाही. अशा वेळी नुसते रक्त न शोधता खुरांनी उलथलेला पाला, कुंपणाच्या तारेवरचे केस आणि झुडपाच्या कमरेइतक्या उंचीवरचा पुसट डाग पाहावा.

मांसात शिसे उतरते का?

गोळी जितकी वेगवान आणि ठिसूळ, तितके तिचे तुकडे अधिक पसरतात. सावकाश जाणारी शिशाची जड गोळी कमी तुकडे करते, तरीही काही करतेच. जखमेभोवतालचे हाताच्या रुंदीएवढे, रक्ताळलेले मांस मी कापून टाकतो, आणि घरात लहान मुले किंवा गरोदर स्त्री असेल त्यांना तांब्याची गोळी सुचवतो.

रंजक पेटली, पण बार झाला नाही तर?

नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान एक मिनिट तशीच धरावी, कारण आतली दारू उशिराने पेटू शकते. त्यानंतर बारीक तारेने कान, म्हणजे वाटीतली आग नळीत नेणारे छिद्र, मोकळा करून नवी रंजक घालावी. बंदुकीच्या कानात काजळी साचणे किंवा दारूला ओल लागणे ही नेहमीची कारणे. गोळी दारूवर नीट टेकली आहे की नाही हे गजावर केलेल्या खुणेवरून दर वेळी तपासावे. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते.

एच-१बी व्हिसावर असताना अशी बंदूक बाळगता येते का?

अमेरिकेच्या संघीय कायद्यात स्थलांतरित नसलेल्या व्हिसाधारकाला अग्निशस्त्र बाळगण्यास सर्वसाधारण मनाई आहे, पण वैध शिकार परवाना असणाऱ्यांना त्यात सूट आहे. काळ्या दारूवर चालणारी आणि काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक संघीय व्याख्येत बहुधा पुरातन शस्त्रांत मोडते. राज्यांचे कायदे मात्र वेगवेगळे आहेत आणि काही याहून कडक आहेत, म्हणून खरेदीपूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. परवान्याआधी शिकारी-प्रशिक्षण वर्ग बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो.

बंदूक कशी साफ करावी?

त्याच दिवशी साफ करावी, दुसऱ्या दिवसावर टाकू नये. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल शोषते आणि एका रात्रीत नळीला गंज चढतो. कान बंद करून नळीत गरम साबणपाणी भरावे, ते ओतून टाकावे, गजाला चिंधी गुंडाळून ती स्वच्छ पाणी येईपर्यंत फिरवावी, नळी पूर्ण कोरडी करावी आणि तेलाचा हलका हात द्यावा. शेवटची चिंधी पांढरी निघाली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक फिरवून पाहावी. तिच्यावर तांबूस डाग आला तर नळी रात्री नीट कोरडी झालेली नव्हती, आणि मग सर्व धुणे नव्याने करावे.